जिवंत परतलेल्यांचे काय?

सैनिकाची दोन छायाचित्रे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पहिले निघतानाचे. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत सुट्टीवर गावी आलेले जवान तातडीने परत बोलावले गेले, तेव्हा लग्नाची हळद फिटायच्या आत गाडीत बसलेले नवरदेव आपण वर्तमानपत्रांत पाहिले. दुसरे छायाचित्र परत येण्याचे. पण ते तिरंग्यात लपेटलेल्या पेटीचे. त्या दिवशी सारा तालुका लोटतो, पुढारी येतात, बंदुकीच्या फैरी झडतात, आणि गावातली शाळकरी पोरे घसा फुटेस्तोवर 'अमर रहे' म्हणतात. निरोप कसा द्यायचा आणि अखेरचा निरोप कसा द्यायचा, हे दोन्ही आपल्याला उत्तम येते.

तिसरे छायाचित्र मात्र कोणी काढत नाही. काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरणाऱ्या, पेन्शनीत आलेल्या माणसाचे. 'काय मेजर, आता कायमचेच आला का?' एवढे विचारून गाव आपल्या कामाला लागते. त्याची गोष्ट संपली, असे आपण धरून चालतो. मला वाटते, त्याच्या घराची खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते. आणि या परीक्षेत त्याच्या पाठीशी जी व्यवस्था उभी असायला हवी, तिची रचनाच अशी आहे की त्याने गप्प बसण्यात शहाणपण मानावे.

चाळिशीच्या आतले 'निवृत्त'

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचे नावच मिलिटरी आपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले, असे तिथले स्मारक सांगते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एक फौजी असलेली गावे आहेत. या गावांत पलटणीतून आलेल्या कोणालाही, तो शिपाई असो की सुभेदार, 'मेजर'च म्हणतात. हे बिरुद प्रेमाचे आहे, पण त्याचे ओझेही होते. मेजरला भीती वाटत नाही. मेजर रडत नाही. मेजरला रात्री झोप न यायला काय झाले?

शहरातल्या वाचकाला निवृत्त म्हटले की साठीचा, सकाळी फिरायला जाणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. जवानाचे तसे नसते. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती आणि पेन्शनला पात्र ठरायला किमान १५ वर्षांची नोकरी, असा हिशेब असल्याने शिपाई, नाईक या हुद्द्यांवरची बरीच माणसे पस्तिशी-चाळिशीत घरी येतात. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, आई-वडील थकलेले. त्या घरात त्याने आजवर वर्षाकाठी दोन-तीन महिने, तेही तुकड्यातुकड्यांनी काढलेले असतात. मुलांच्या लेखी तो खाऊ आणणारा पाहुणा. शेत, पाणीपट्टी, सोसायटीचे कर्ज, शाळा, सासू-सासऱ्यांची दुखणी हे सारे बायकोने एकटीने ओढलेले. आता एका घरात दोन कारभारी होतात. तो पहाटे पाचला सगळ्यांना उठवतो, चपला ओळीत नाहीत म्हणून आवाज चढवतो. ती मनात म्हणते, इतकी वर्षे घर काय ह्यांच्यावाचून अडले होते?

याला आजार म्हणत नाहीत. याला जुळवून घेणे म्हणतात, आणि बहुतेक घरे वर्ष-दोन वर्षांत जुळवून घेतात. हे आधीच सांगतो, कारण परतलेला प्रत्येक सैनिक मनाने मोडलेला असतो असे चित्र रंगवणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे. पण काही घरांत जुळत नाही. मी बँकेत असताना पेन्शनरांची खाती अनेक वर्षे पाहिली. फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा काही भाग विकून आलेली एकरकमी रक्कम जमा झाली, की पंधरवड्यात भाऊबंदांची ये-जा सुरू होते. कोणाला ट्रॅक्टर घ्यायचा असतो, कोणाच्या मुलीचे लग्न असते. सतरा वर्षे 'आपल्या माणसांत' जायची ओढ घेऊन राहिलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. कँटीनच्या कोट्यातली बाटली असली की संध्याकाळी ओट्यावर मित्रही जमतात. पैसा आणि बाटली दोन्ही संपली की ओटा रिकामा होतो. पलटणीत जो माणूस दहा जणांच्या जिवाचा भरवसा होता, त्याला गावात आपले काम काय हेच उमगत नाही. ज्याच्या मनाला आधीच जखम आहे, त्याची ती जखम अशा रिकाम्या संध्याकाळी उघडते.

पहाऱ्यावरून न उतरणारे मन

या जखमेला नाव मिळायला फार काळ लागला. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा पहिला समज होता. पुढे ध्यानात आले, की ज्यांच्या आसपास गोळा फुटलेलाच नाही असे जवानही थरथर कापत आहेत, मुके झाले आहेत. त्यांतल्या कित्येकांवर भेकडपणाचा शिक्का बसला. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर यांनी रेटा लावल्यावर १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' या आजाराची नोंद केली.

साध्या भाषेत सांगायचे तर मन पहाऱ्यावरून उतरायला तयार होत नाही. ज्या सावधपणाने तिकडे जीव वाचवला, तोच सावधपणा घरी छळतो. दार आपटले, कुकरची शिटी झाली, की अंग त्याच क्षणी पुन्हा मोर्च्यावर पोचते. झोप तुटते. तेच स्वप्न परत परत पडते. राग नको तिथे उसळतो, आणि ज्यांच्यासाठी परत आलो त्यांच्यापासूनच माणूस दूर बसू लागतो. यावर उपचार आहेत. जाणकार तज्ज्ञाशी ठरावीक पद्धतीने बोलत त्या घटनेला सामोरे जाण्याची उपचारपद्धती आहे, औषधे आहेत, आणि पुष्कळांना गुण येतो. पण उपचाराच्या दारापर्यंत माणूस पोचावा लागतो.

आमच्या शाखेत दुनळी बंदूक घेऊन बसणारे गार्ड होते. त्यांनाही सगळे मेजरच म्हणत. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेत ते होते. अत्यंत नेमस्त माणूस. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत फटाक्यांच्या माळा सुटल्या, की ते रेकॉर्ड रूममध्ये जुन्या लेजरांच्या रांगांमध्ये जाऊन बसत. आवाज थांबला की बाहेर येऊन पेढा घेत. त्याविषयी कोणी काही बोलत नसे. एकदा त्यांच्या पत्नी पासबुक भरून घ्यायच्या निमित्ताने माझ्या टेबलाशी आल्या. पासबुक भरून झाले तरी उठेनात. मग हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्या पेन्शनीच्या कागदांत तिकडं काय झालं त्ये लिवलेलं असतंय का?" घरी त्यांना झोपेतून उठवायचे तर हात लावायचा नाही, लांबून पायाला काठी लावायची, हे त्या सांगत होत्या. धाकट्या मुलाने एकदा नकळत अंगावर उडी मारली होती, तेव्हापासून तो बापाजवळ झोपत नव्हता.

मी पेन्शन पेमेंट ऑर्डर काढून त्यांना वाचून दाखवली. सैनिक क्रमांक, हुद्दा, भरतीची तारीख, नोकरीची वर्षे, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख. सगळे होते. त्या विचारत होत्या ते नव्हते.

गप्प बसण्याचा हिशेब

मनाच्या आजाराबद्दल माणसे बोलत नाहीत त्याला आपण 'लाज' किंवा 'अज्ञान' म्हणतो आणि प्रबोधनाच्या भाषणांकडे वळतो. लाज असतेच. पण फौजीच्या मौनात लाजेइतकाच हिशेब असतो, हे मला आकड्यांच्या नोकरीमुळे जास्त जाणवले असेल.

सैन्यात तब्येतीचे वर्गीकरण 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांनी होते. कान, हातपाय, शरीराची एकंदर ताकद, डोळे यांना एकेक अक्षर आहे. त्यांतले पहिले अक्षर मनाचे. पाचही ठिकाणी पहिला दर्जा असला की माणूस 'शेप वन'. पहिले अक्षर घसरले की बढती, नेमणूक, हातातले शस्त्र, सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून नोकरीत असताना तो बोलत नाही. नोकरी संपल्यावर दुसरी भाकरी कोठून येते? राष्ट्रीयीकृत बँकांत शिपाई वर्गाच्या जागांपैकी २४.५ टक्के आणि कारकून वर्गाच्या १४.५ टक्के माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. बाकीचे बहुसंख्य सुरक्षारक्षक होतात. सशस्त्र रक्षकाला बंदुकीचा परवाना लागतो, आणि मनाचा आजार कागदावर आला तर तो परवाना मिळेल का, अशी भीती असते. म्हणून तो नंतरही बोलत नाही.

राहिली अपंगत्वाची पेन्शन. पाय गेला तर तो कसा गेला हे दिसते. मनाचे तसे नाही. वैद्यकीय मंडळ लिहिते, की आजार सेवेमुळे उद्भवलाही नाही आणि सेवेमुळे बळावलाही नाही. या इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांचा शब्द होतो 'नाना'. आपल्या घरांत नाना म्हणजे आधाराचा वडीलधारा माणूस. या कागदावर नाना म्हणजे नकार. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले, की भरतीच्या तपासणीत मनोविकार ओळखू येत नाहीत, त्यामुळे आजार नोकरीत दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असे होत नाही. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियामुळे १९९८ साली सेवेतून काढलेल्या एका जवानाच्या बाजूने निकाल दिला. वैद्यकीय मंडळाने कारणे न देता नुसता शेरा मारला होता, तो ग्राह्य धरता येणार नाही असे सांगितले. दोन्ही निकालांना आपापले तर्कशास्त्र आहे. पण १९९८ ते २०२५ या २७ वर्षांत त्या घरात काय झाले असेल, त्याची मोजदाद कुठल्याच निकालपत्रात होत नाही.

शरीराच्या जखमेशी ताडून पाहा. खडकीला अपंग सैनिकांना नवा धंदा शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांनाही पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. दिसणाऱ्या जखमेची ही कथा, तर न दिसणारीची काय असेल?

सातबारा आणि सुट्टी

या ताणाची एक बाजू आपल्याच अंगणात आहे. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये २०१९-२० साली एका कर्नलने केलेला अभ्यास जानेवारी २०२१ मध्ये गाजला; निम्म्याहून अधिक जवान तीव्र तणावाखाली असावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांना प्रश्न विचारले त्यांची संख्या फार लहान असल्याचे सांगून लष्कराने तो नाकारला, आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून तो मजकूर काढला गेला. आकड्याबद्दल वाद घालता येईल. पण सैनिकांच्या आत्महत्यांविषयी सरकारने संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांत घरगुती अडचणी, वैवाहिक बेबनाव आणि पैशांचे ताण ही कारणे पुन्हा पुन्हा येतात, त्यांचे काय?

घरगुती अडचण म्हणजे बहुधा बांध. नऊ हजार फुटांवर बर्फात उभ्या असलेल्या माणसाला फोन येतो, की चुलत्याने बांध कोरला, वारसनोंद अडकली. तिथून तो काय करणार? सीमेवरच्या सैनिकाविरुद्धचे दावे त्याच्या गैरहजेरीत पुढे रेटले जाऊ नयेत म्हणून १९२५ साली कायदा झाला आहे. शंभर वर्षे झाली. पण किती तलाठी कार्यालयांत तो कोणाला ठाऊक आहे? सैनिकाचे मनःस्वास्थ्य हा विषय इस्पितळाइतकाच तहसील कचेरीचाही आहे, तो असा. त्याच्या सातबाऱ्याचे काम वेळेत झाले, तर एका माणसाची रात्रीची झोप शाबूत राहते.

ती 'वीरनारी' नाही

आज काहीच नाही असे नव्हे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात देशभर 'टेलिमानस' ही सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीत बोलता येते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलातील लोक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष सुरू करण्यात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शरीराच्या आणि मनाच्या आजारात भेद करायला मनाई केली. ही पावले चांगली आहेत.

उणीव दिसते ती पत्नीच्या बाबतीत. दुखणे आधी तिला कळते, डॉक्टरला नव्हे. पण तिने ते कोणाला सांगायचे? नवरा शहीद झाला असता तर ती वीरनारी ठरली असती. शासनाने, समाजाने तिची विचारपूस केली असती. ती वीरनारी नाही, कारण तिचा नवरा जिवंत आहे. तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल, पोलिसांत गेले तर अब्रू जाईल, माहेरी गेले तर 'फौजीची पेन्शन सोडून आलीस?' असे ऐकावे लागेल. तिचे गप्प बसणे हाही हिशेबच.

मग हा हिशेबच बदलायला हवा. अमेरिकेने १९७९ मध्ये मोठ्या सरकारी इस्पितळांपासून दूर, बाजारपेठेतल्या साध्या जागांत सल्ला केंद्रे उघडली. तिथे समोर बसणारे बरेच जण स्वतः माजी सैनिक असतात, कुटुंबीयांनाही येता येते, आणि तिथल्या नोंदी संमतीवाचून लष्कराकडे वा इस्पितळाकडे जात नाहीत. सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. ऑस्ट्रेलियात सैनिकांच्या आत्महत्यांवर नेमलेल्या शाही आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये १२२ शिफारशींचा अहवाल दिला. तिथली आकडेवारी बोलकी आहे: नोकरीत असलेल्या पुरुषांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा कमी, नोकरी सोडलेल्यांमध्ये जास्त. धोका पलटण सुटल्यावर वाढतो.

आपल्याकडे त्यासाठी नवे खाते काढायची गरज नाही. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात. ते स्वतः माजी सैनिक, तालुक्यातालुक्यांतून हिंडणारे, कागदपत्रांच्या निमित्ताने घराघरांत जाणारे. या माणसांना दुखणे ओळखायचे आणि योग्य दार दाखवायचे शिक्षण द्यावे. माणूस पेन्शनीत आल्यावर पहिल्या वर्षात दोन-तीनदा त्याच्या घरी जावे, आणि त्यातले एक बोलणे पत्नीशी स्वतंत्र असावे. त्या बोलण्याची नोंद पेन्शनच्या वा परवान्याच्या फायलीत जाणार नाही, अशी लेखी हमी असावी. जिवाला धोका दिसला तर अर्थात हालचाल करावीच लागेल, पण तेही आधी सांगून. या गोष्टींना इमारती लागत नाहीत. शिक्षण, थोडा प्रवासभत्ता आणि शब्दाला जागणे लागते.

वेळही फार नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेतले पहिले अग्निवीर त्या वर्षाच्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाले; २०२६ च्या अखेरपासून त्यांची चार वर्षे भरू लागतात. चारांतला एकच कायम होईल असे मूळ योजना सांगते. बाकीचे तिघे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन, पण पेन्शनशिवाय आणि योजनेतल्या तरतुदींनुसार माजी सैनिकाच्या दर्जाशिवाय, बाविशी-पंचविशीत घरी येतील. त्यांच्या नावाची पेन्शन पेमेंट ऑर्डर असणार नाही आणि ईसीएचएसचे कार्डही नाही. गाव त्यांनाही 'मेजर'च म्हणेल. निदान त्यांची नोंद ठेवण्याची आणि विचारपूस करण्याची जबाबदारी राज्याने आतापासून घ्यावी.

महाभारताच्या कर्त्याला हे सारे ठाऊक होते. युद्ध अठरा दिवसांत संपते, पण त्यानंतरचे शांतिपर्व हे सर्वांत मोठे पर्व आहे. जिंकलेला युधिष्ठिर सिंहासन नको म्हणतो, अरण्यात निघतो. त्याला कोणी भेकड म्हणून सोडून देत नाही. भाऊ बोलतात, द्रौपदी बोलते, व्यास बोलतात, शेवटी शरशय्येवरचे भीष्म बोलतात. कंटाळा न करता, पुन्हा पुन्हा. परतलेल्या योद्ध्याशी बोलणे हे राज्याचे पहिले काम आहे, असेच जणू ते पर्व सांगते.

आपल्या हातात आहे ते याहून सोपे आहे. घरी आलेल्या फौजीला 'किती जणांना मारले?' असे विचारू नये. सांगायचे असेल तर तो सांगेल. त्याच्या कँटीनच्या बाटलीची वाट पाहू नये. गल्लीत असा माणूस असेल तर सुतळी बॉम्ब जरा लांब नेऊन फोडावेत. पोरांना सांगावे, की दारे आपटणे हा काही खेळ नव्हे. १४४१६ हा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावा. आणि एखाद्या मेजरची बायको काम संपल्यावरही जागची उठत नसेल, तर तिला चहा सांगावा आणि घड्याळाकडे बघू नये.